रेकॉर्ड

इंग्रजींतून मराठींत आलेले कांहीं शब्द पाहुण्यासारखे ओटीवरच बसून राहतात, तर कांहीं थेट माजघरापर्यंत जातात आणि घरचेच होऊन बसतात. 'रेकॉर्ड' हा शब्द या दुसऱ्या वर्गांतला होय. कचेरींतला कारकून 'रेकॉर्ड सांपडत नाहीं' असें म्हणतो, तेव्हां त्याच्या डोळ्यांपुढें वाळवी लागलेलें दप्तर असतें. मैदानावरचा मुलगा 'रेकॉर्ड मोडलें' असें ओरडतो, तेव्हां तो आनंदानें उड्या मारीत असतो. आणि ज्या घरांत ग्रामोफोन होता त्या घरांत 'रेकॉर्ड मोडली' हे शब्द उमटले कीं दोन दिवस कोणी कोणाशीं धड बोलत नसे. पहिलें रेकॉर्ड नपुंसकलिंगी, दुसरी स्त्रीलिंगी. एक मोडण्यासाठींच निर्माण झालेलें, दुसरी मोडूं नये म्हणून जिवापाड जपलेली. व्याकरणकारांनीं या चमत्काराकडे लक्ष द्यावें. आम्ही पडलों इंग्रजीचे अध्यापक, तें काम आमचें नव्हे. पण हे दोन्ही अर्थ आमच्या घरीं एकाच पेटींतून निघाले, आणि त्यांवरून जे विचार सुचले ते वाचकांपुढें मांडावे असें गेले कांहीं महिने वाटत आहे.

आमचें घर भिवंडीजवळच्या पूर्णा या गांवीं आहे. ठाण्याहून कशेळीचा पूल ओलांडून भिवंडीकडे निघालें म्हणजे काल्हेर, पूर्णा, राहनाळ हीं गांवें लागतात. आमच्या लहानपणीं येथें भाताचीं खाचरें होतीं. आज त्यांच्या जागीं पत्र्याच्या छपरांचीं गोदामें उभीं आहेत, आणि मुंबईकरानें रात्रीं मागविलेली वस्तु दुसऱ्या दिवशीं त्याच्या दारीं पोंचावी म्हणून रस्त्यावर रात्रभर मालमोटारींची रांग असते. जुन्या घराची डागडुजी करतांना माळ्यावरून जी लांकडी पेटी खालीं आली, ती आमच्या आजोबांची. तिच्यांत काळवंडलेला चांदीचा एक लहान पेला, तळाला खिळे असलेल्या चामडी बुटांचा जोड आणि जाड कागदी पाकिटांत घातलेल्या सतरा तबकड्या होत्या. पेल्यावर '४४० यार्ड' आणि '१९३६' एवढींच अक्षरें वाचतां येतात. तबकड्या बहुतेक अमेरिकन बाजाच्या: ड्यूक एलिंग्टन, बेनी गुडमन, जिमी लन्सफर्ड.

आजोबा १९३४ ते १९३८ या काळांत मुंबईच्या एका कॉलेजांत होते. त्यांच्या या दोन्ही छंदांचा पणजोबांना सारखाच तिटकारा होता. धांवणें हें टपालाच्या हरकाऱ्याचें काम आणि तुतारी फुंकणें हें वाजंत्र्याचें, बी. ए. होऊं पाहणाऱ्या मुलानें यांपैकीं कशांतही पडूं नये, असा त्यांचा स्पष्ट निकाल होता. हा निकाल एकट्या पणजोबांचा होता असें नाहीं. त्या काळच्या बहुतेक शिकलेल्या घरांत खेळ म्हणजे अभ्यासाचा चोर, आणि बाजा म्हणजे लग्नापुरता भाड्यानें आणावयाचा. वाजंत्री मांडवाच्या दारांत चार दिवस वाजवी; जेवावयास मात्र त्याला मागल्या अंगणांत बसवीत. या मागल्या अंगणाची आठवण वाचकांनीं ठेवावी. पुढें ती उपयोगीं पडेल.

बूट आणि तबकड्या एकाच पेटींत असणें हा प्रथम आम्हांस योगायोग वाटला. पण १९३५ हें साल डोळ्यांपुढें धरलें म्हणजे योगायोगाची शंका फिटते. त्या वर्षींच्या २५ मे रोजीं अमेरिकेंतील ॲन आर्बर येथें विद्यापीठांचे मैदानी सामने भरले होते. ओहायो स्टेट विद्यापीठाचा जेसी ओवेन्स हा विद्यार्थी पाठीच्या दुखण्यामुळें धड वांकूंही शकत नव्हता. त्यानें पाऊण तासांत तीन जागतिक विक्रम मोडले आणि चवथ्याशीं बरोबरी केली. त्यांतील लांब उडी एकच, पण ती २६ फूट सव्वाआठ इंच भरली, आणि पुढें पंचवीस वर्षें कोणी तिच्यापुढें गेला नाहीं. तीन महिन्यांनीं, २१ ऑगस्टला, लॉस एंजेलिसच्या पालोमार नाचघरांत बेनी गुडमनच्या बँडनें तरुण मंडळींना असें कांहीं वेड लावलें कीं इतिहासकार 'स्विंग' युगाचा आरंभ त्याच रात्रीपासून धरतात. त्याच वर्षीं लिऑन ॲबी हा कृष्णवर्णी व्हायोलिनवादक आपला बँड घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलांत आला. आणि त्याच हंगामांत आपल्याकडे विद्यापीठांविद्यापीठांमध्यें रोहिंटन बारिया करंडकाचे क्रिकेट सामने सुरू झाले. कॉलेजांतल्या पोरानें पळावें आणि पळून आल्यावर स्विंग ऐकावें, अशी हवाच त्या वर्षीं जगभर सुटली होती. ती अपोलो बंदरावरून आमच्या आजोबांनाही लागली, इतकेंच.

ज्यांनीं हें संगीत ऐकलें नसेल त्यांच्यासाठीं दोन शब्द. स्विंग हा जाझचा एक मोठ्या वाद्यवृंदाचा प्रकार. पितळी वाद्यांचा एक जथा सवाल टाकतो, सॅक्सोफोनांचा दुसरा जबाब देतो. आपल्या तमाशांतील सवाल-जबाब ज्यांना ठाऊक आहेत त्यांना हें परकें वाटूं नये. खालीं बास आणि ड्रम चार मात्रांचा ठेका अखंड धरून असतात, आणि त्या ठेक्यावर मधूनच एखादा वादक उभा राहून मनांत येईल तशी तान घेतो. हें सर्व दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या वेगानें, सुमारें तीन मिनिटांत संपवावें लागे. तबकडी लाखेची असे, आणि ही लाख बहुतांशीं आपल्याच देशांतून, छोटा नागपूरच्या जंगलांतून, जात असे. महायुद्धाच्या धामधुमींत ती मिळेनाशी झाली, तेव्हां १९४२ सालीं अमेरिकन सरकारला तबकड्यांसाठीं होणाऱ्या लाखेच्या वापरावर कडक निर्बंध घालावे लागले. न्यूयॉर्कच्या तुतारीचा आवाज बिहारांतल्या पळसावरच्या किड्याच्या पाठीवर बसून जगभर फिरत होता, ही गोष्ट पणजोबांना कळली असती, तर त्यांचा राग थोडा तरी निवळला असता असें वाटतें.

ताजमधील बँड आजोबांनीं आंत जाऊन ऐकला नाहीं. तेवढे पैसेही नव्हते आणि तसा पोशाखही नव्हता. आजी सांगत असे, कीं संध्याकाळीं सराव आटोपला म्हणजे ते समुद्राच्या कठड्यावर बसत, आणि नाचघराच्या खिडक्या उघड्या असतील तर वाऱ्याबरोबर जेवढें कानीं पडेल तेवढें ऐकत. ॲबीच्या मागून क्रिकेट स्मिथ नांवाच्या कॉर्नेटवाद्यानें तेथें बँड चालविला. (नांव क्रिकेट, खेळाशीं संबंध नाहीं.) त्यानंतर टेडी वेदरफर्ड हा पियानोवादक आला. तो पुढें कलकत्त्यास गेला आणि १९४५ सालीं तेथेंच पटकीनें वारला. या मंडळींच्या हाताखालीं व त्यांच्या संगतींत गोव्याचे अनेक वादक तयार झाले. फ्रँक फर्नांड वेदरफर्डच्या बँडांत ट्रंपेट वाजवीत. हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ 'चिक चॉकलेट' या नांवानें गाजले. लोक त्यांना हिंदुस्थानचे लुई आर्मस्ट्राँग म्हणत. याच चिक चॉकलेटची आपल्या पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांशीं गांठ पडली, आणि १९५१ सालीं मास्टर भगवान यांच्या 'अलबेला' चित्रपटांतून तो बाजा घरोघर गेला. ज्या आत्याबाईंनीं जन्मांत जाझ हा शब्द उच्चारला नाहीं, त्यांनींही पोळ्या लाटतांना त्याचा ठेका धरलेला आम्हीं ऐकला आहे.

आजोबांची आवडती तबकडी लन्सफर्डची असावी, कारण तिच्यावर सुईच्या रेघा सर्वांत अधिक आहेत. हा जिमी लन्सफर्ड नॅशव्हिलच्या फिस्क या कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठांत शिकला. तेथें तो खेळाडू म्हणूनही नांवाजलेला होता. पुढें मेंफिस शहरांतील एका हायस्कुलांत तो व्यायाम शिकवूं लागला, आणि मैदानावरच्याच पोरांना हातीं वाद्यें देऊन त्यानें बँड उभा केला. १९३४ सालीं हा बँड न्यूयॉर्कच्या सुप्रसिद्ध कॉटन क्लबांत वाजूं लागला. त्या क्लबांत वाजविणारे काळे आणि ऐकणारे गोरे, असा रिवाज होता. लन्सफर्डच्या बाजांत जी शिस्त आहे ती मैदानाची आहे असें आम्हांस वाटतें. बदलीच्या शर्यतींत एका हातांतून दुसऱ्या हातांत काठी जावी, तशी त्याची सुरावट एका जथ्यांतून दुसऱ्यांत जाते आणि मध्यें कोठेंही सांडत नाहीं.

येथें त्या शब्दाचे दोन अर्थ एकमेकांस भेटतात. स्टॉप वॉच आणि तबकडी हीं दोन यंत्रें जात पाहत नाहींत. घड्याळाला ओवेन्सचा रंग दिसत नाहीं. त्याला एवढेंच समजतें कीं १०० यार्ड ९.४ सेकंदांत झाले. तबकडीला वादकाचा रंग दिसत नाहीं. पूर्णा गांवच्या माळ्यावर ती लावली तरी सूर तेवढा खरा येतो. शिफारस, घराणें, आडनांव, यांपैकीं कशाचाही शिरकाव या दोन रेकॉर्डांत होत नाहीं. पराक्रमाची नोंद ठेवण्याचीं इतकीं निःपक्षपाती साधनें मनुष्यानें दुसरीं फारशीं निर्माण केलेलीं नाहींत. बेनी गुडमननें १९३५ पासून टेडी विल्सन या कृष्णवर्णी पियानोवादकाबरोबर तबकड्या काढल्या, पुढें त्याला आपल्या शेजारीं व्यासपीठावर बसविलें, आणि १६ जानेवारी १९३८ रोजीं कार्नेगी हॉलांत हे सर्व एकत्र वाजले. तबकडीनें जें आधीं केलें तें व्यासपीठानें मागून केलें, असा हा क्रम आहे.

पण घड्याळ थांबलें आणि तबकडी संपली, कीं मनुष्याला भूक लागते, झोंप येते, आणि मग तो यंत्रांच्या राज्यांतून माणसांच्या राज्यांत येतो. ओहायो स्टेटच्या मैदानावर ओवेन्सला जागा होती, वसतिगृहांत नव्हती. त्याला शिष्यवृत्तीही नव्हती. मिळतील तीं कामें करून तो शिकत होता. १९३६ सालीं बर्लिनच्या ऑलिंपिकमध्यें चार सुवर्णपदकें मिळवून तो परत आला. न्यूयॉर्कनें त्याची मिरवणूक काढली, आणि त्यानंतर वॉल्डॉर्फ अस्टोरिया हॉटेलांत त्याचा सत्कार ठरला. त्या सत्कारास जाण्यासाठीं सत्कारमूर्तीला मालाच्या लिफ्टनें वर जावें लागलें. पुढची गोष्ट याहून विलक्षण आहे. पोटासाठीं हा जगांतला सर्वांत वेगवान मनुष्य १९३७ सालीं बारा जणांच्या एका स्विंग बँडचा नायक म्हणून गांवोगांव हिंडला. त्याला एकही वाद्य वाजवितां येत नव्हतें. पुढें उभें राहून वादकांचीं व गाण्यांचीं नांवें सांगावयाचीं, एवढेंच त्याचें काम. लोक बाजा ऐकावयास येत, आणि त्याला पाहून जात. एकाच माणसाच्या आयुष्यांत दोन्ही रेकॉर्डें अशीं एकत्र आलीं, आणि दोहोंनीं मिळूनही त्याला स्थैर्य दिलें नाहीं.

हें वाचून 'अमेरिका तशीच' असें म्हणण्याचा मोह वाचकांस होईल. तो आम्हांसही झाला. पण वर सांगितलेलें मागलें अंगण आपलेंच आहे. बाळू पालवणकर हे चर्मकार कुटुंबांतले. पुण्याच्या गोऱ्यांच्या क्लबांत खेळपट्टी राखतां राखतां ते अव्वल दर्जाचे गोलंदाज झाले. गोऱ्यांना हरवावयाचें म्हणून पुण्याच्या हिंदु संघानें त्यांना आपल्यांत घेतलें. मैदानावर त्यांनीं टाकलेला चेंडू सर्वांनीं झेलला. चहाच्या वेळीं मात्र त्यांना बाहेर, मातीच्या वेगळ्या पेल्यांत चहा मिळे. १९११ सालीं इंग्लंडच्या दौऱ्यांत त्यांनीं ११४ बळी घेतले. तरीही हिंदु संघाचें नेतृत्व त्यांच्याकडे आलें नाहीं. तें त्यांचे धाकटे बंधु विठ्ठल यांच्याकडे १९२३ सालीं आलें. ज्या बर्लिनमध्यें ओवेन्स धांवला त्याच बर्लिनमध्यें १९३६ सालीं अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या तरुणांनीं हुतूतू खेळून दाखविला, याचा आपण अभिमान बाळगतों, आणि तो योग्यच आहे. त्याच अभिमानाच्या वहींत मातीच्या पेल्याचीही नोंद असावी, एवढेंच आमचें म्हणणें.

हें सर्व आतां लिहावयाचें कारण असें. आम्ही शिकवितों त्या कॉलेजांत बी. ए. च्या दुसऱ्या वर्षाला एक मुलगा आहे. त्याचे वडील मराठवाड्यांतून आलेले. पूर्णा गांवांतल्या एका गोदामांत माल चढविण्या-उतरविण्याचें काम करतात, आणि मुलगाही आठवड्यांतून चार रात्रीं तेंच काम करतो. पहांटे गोदामांच्या मधल्या सिमेंटच्या रस्त्यावर, मालमोटारींची हालचाल सुरू होण्यापूर्वीं, तो धांवण्याचा सराव करतो. मैदान नाहीं, आंखलेला मार्ग नाहीं. अंतर त्यानें विजेच्या खांबांवरून मोजून ठेवलें आहे. गेल्या वर्षीं आंतरमहाविद्यालयीन सामन्यांत ८०० मीटरांच्या शर्यतींत त्यानें पदक मिळविलें. कॉलेजनें त्याचें छायाचित्र प्रवेशपुस्तिकेच्या मुखपृष्ठावर छापलें. त्याच शर्यतीच्या दिवशीं त्याची एक अंतर्गत परीक्षा बुडाली. ती पुन्हां घ्यावी असा अर्ज त्यानें केला, तो 'नियमांत बसत नाहीं' या शेऱ्यानिशीं परत आला.

अध्यापकांच्या बैठकींत हा विषय निघाला. एका सहकाऱ्यांचें म्हणणें असें पडलें, कीं रात्रपाळी करून परीक्षेस बसणारीं दुसरींही मुलें वर्गांत आहेत. धांवणाऱ्याला सवलत आणि त्यांना नाहीं, हा कोणता न्याय? हें म्हणणें झटकून टाकण्यासारखें नाहीं. पण रात्रपाळी करणाऱ्या इतर मुलांना कॉलेजनें आपला झेंडा हातीं देऊन कोठें पाठविलें नव्हतें. या मुलाला पाठविलें होतें. मुखपृष्ठावर त्याचें छायाचित्र नियमांत बसतें आणि त्याची परीक्षा बसत नाहीं, हें घड्याळाला कधींच समजणार नाहीं. आम्हीं त्या बैठकींत खाशाबा जाधवांचें उदाहरण दिलें. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजांत शिकलेला हा कुस्तीगीर १९४८ सालीं लंडनच्या ऑलिंपिकमध्यें सहावा आला. १९५२ सालीं हेलसिंकीस जाण्यास पैसे पुरेनात, तेव्हां कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनीं आपलें घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. खाशाबांनीं कांस्यपदक आणलें. स्वतंत्र भारताचें तें पहिलें वैयक्तिक ऑलिंपिक पदक. येथें कोणी घर गहाण ठेवावें अशी आमची मागणी नाहीं. एक प्रश्नपत्रिका काढावी, एवढीच आहे.

मध्यंतरीं त्या मुलाला आम्हीं एका रविवारीं घरीं जेवावयास बोलाविलें होतें. भिवंडींतल्या एका म्हाताऱ्या कारागिराकडून दुरुस्त करून आणलेल्या चावीच्या ग्रामोफोनवर लन्सफर्डची तबकडी लावली. मुलानें थोडा वेळ ऐकलें आणि म्हणाला, "सर, हे तर मागांच्या कारखान्यासारखं चाललंय. सगळे माग एका तालात आले की असंच वाटतं." भिवंडीच्या गल्लीबोळांतून जो रात्रंदिवस फिरला आहे त्यालाच हें सुचावें. मग बुटांचा तो जोड त्याच्या हातीं दिला आणि ओवेन्सची हकीकत सांगितली. वॉल्डॉर्फच्या लिफ्टपाशीं आल्यावर तो हंसला. "मालाच्या लिफ्टनं? सर, आम्ही तर रोज तिच्यातनंच जातो." त्यांत कडवटपणा नव्हता, त्याला ती खरोखरच गमतीची गोष्ट वाटली. आमच्या सौभाग्यवतींनीं त्याच्या पानांत आणखी एक पोळी वाढली, आणि कांहीं वेळ कोणीच बोललें नाहीं.

आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांच्या घरीं कोणी ना कोणी गातें, खेळतें, निदान खेळ पाहतें. टाळी वाजविण्यांत आपण मागें नाहीं. तथापि स्विंगच्या बाजांतील एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. एकटा वादक उभा राहून तान घेतो तेव्हां बाकीचे बारा-तेरा जण टाळ्या वाजवीत बसत नाहींत. ते ठेका धरून असतात, मंद सुरांत त्याच्यामागें उभे असतात, आणि त्याची तान उंच जाते ती त्यांच्या आधारावर. तान संपली कीं तो खालीं बसतो आणि दुसऱ्यासाठीं ठेका धरतो. कॉलेज, घर, गांव यांनीं आपल्यांतल्या धांवणाऱ्यासाठीं, गाणाऱ्यासाठीं जें करावयाचें तें याहून निराळें नाहीं. टाळीला काय, शर्यत संपल्यावर वेळ असतो. ठेका आधींपासून धरावा लागतो.

त्या मुलाची यंदाची शर्यत डिसेंबरांत आहे. फेरपरीक्षेचा अर्ज, आम्हां सात अध्यापकांच्या सह्यांसह, कॉलेजच्या कचेरींत पुन्हां दाखल झाला आहे. तेथील कारकून रेकॉर्ड नीट ठेवतात, असा त्यांचा लौकिक आहे.